मागचा डावा टायर

बाईंना रागवायला एरवी कारण लागत नसे. दाराची कडी नीट बसली नाही, एवढंही पुरायचं. या वेळी मात्र कारण होतं आणि चांगलं भक्कम होतं, त्यामुळे गेले तीन आठवडे त्या अगदी हक्काने रागावलेल्या होत्या. घरात भांडी आपटत होती, कपाटं आपटत होती, आणि मास्तर गप्प होते. मास्तर गप्प आहेत याचा बाईंना आणखीनच राग येत होता. भांडायला समोर कोणीतरी लागतं की नाही!

मास्तर म्हणजे त्यांचा नवरा. शाळेतले मास्तर नव्हेत. बस डेपोत नव्या ड्रायव्हरांना गाडी शिकवणारे. बत्तीस वर्षं त्यांनी तेच केलं. बाई मालगोदामाच्या फाटकावर, वजनकाट्याच्या केबिनमध्ये. ट्रक काट्यावर चढायचा, आकडा यायचा, बाई चिठ्ठी फाडून हातात द्यायच्या, आणि त्या चिठ्ठीवर वाद घालायची भल्याभल्यांची छाती होत नसे. दोघं निवृत्त झाली तेव्हा हौसेने एक जुनी घरगाडी घेतली. आत दोन पलंग, एक शेगडी, हातभर बेसिन, उभं राहिलं की गुडघे दाराला लागतील असा संडास. लेक, जावई, सहा वर्षांची नात आणि तिचा धाकटा भाऊ यांना बरोबर घ्यायचं आणि चार दिवस कुठेतरी हिंडून यायचं, असं दोन वर्षं मजेत चाललं होतं.

मग तीन आठवड्यांपूर्वी परत येताना, लांबलचक उतारावर, मागचा डावा टायर फुटला.

नातीची सीट बरोबर त्या चाकावर होती. फुटलेल्या टायरच्या चिंध्यांनी खालचा पत्रा उचकटला आणि तिच्या पायापासून वीतभर अंतरावर वर आला. पोर किंचाळली. गाडी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला गेली. मास्तरांनी ब्रेकला पाय न लावता तिला हळूहळू कडेला आणली आणि उभी केली. कोणाला ओरखडासुद्धा उठला नाही. पण बाईंनी तो पत्रा पाहिला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हवा बघितली होती का तुम्ही?" खाली उतरताच त्यांनी विचारलं.

"सकाळी बघितली होती," मास्तर म्हणाले.

"बघितली असती तर फुटला असता का? बत्तीस वर्षं जगाला गाडी शिकवली आणि स्वतःच्या टायरमधली हवा कळत नाही! यापुढे माझी नातवंडं तुमच्या हातात द्यायची नाहीत. ऐकलंत?"

लेकीसमोर बोलल्या, जावयासमोर बोलल्या. मास्तरांनी खिशातून चावी काढली, बाईंच्या हातावर ठेवली आणि नातीला उचलून घ्यायला गेले, तर ती घाबरून आईला चिकटली. स्टेपनी लावून गाडी जावयाने घरी आणली. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, "आई, बाबा चालवणार असतील तर आम्ही यापुढे नाही येणार. मुलांचा प्रश्न आहे." बाई म्हणाल्या, "ते चालवणार नाहीत. मी सांगते ना." फोन स्पीकरवर होता. मास्तर पलीकडे कपड्यांच्या घड्या करत होते. त्यांनी हातातली घडी पूर्ण केली आणि पुढचा कपडा घेतला.

तर असं झालेलं होतं. आता येत्या रविवारी पुन्हा निघायचं ठरलं होतं, चालवणार जावई, आणि त्याआधी चारही टायर बदलायचे होते. सामान, पाणी, गॅस, सगळं नेहमीसारखं आत आधीच भरून झालं होतं. त्यासाठी दुकानात गाडी न्यायची कोणी? अर्थात बाईंनी. लायसन्स होतं त्यांच्याकडे, तरुणपणी मास्तरांनीच शिकवलं होतं. सवय मात्र साफ सुटलेली. घरगाडी पहिल्या गिअरमध्ये रडत, दुसऱ्यात धापा टाकत निघाली. मागून हॉर्न वाजत होते. "वाजवा, वाजवा! पुढे जायला रस्ता नाही का तुम्हाला?" बाई काचेतून ओरडत होत्या. शेजारी मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. क्लच जळायचा वास आला तरी चकार शब्द काढला नाही.

टायरचं दुकान एक तिशीची बाई चालवायची. वडिलांचं दुकान तिने घेतलेलं, निळा डगला, केस रुमालात बांधलेले, नखांत काळं. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली बसून प्रत्येक टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला, त्यावरचे आकडे वाचले आणि उठून म्हणाली, "काकू, हे टायर या गाडीचे नाहीतच. हलके आहेत. हे प्रत्येकी नऊशे किलो पेलतात. तुम्हाला याच मापाचे पण भारी टायर लागतील, मालाच्या टेम्पोला घालतात तसले. कडा जाड असतात, हवाही जास्त भरावी लागते."

"म्हणजे महागडे," बाई म्हणाल्या.

"महाग आहेतच."

"वाटलंच मला. बाई दिसली की घाला टोपी!"

"मीही बाईच आहे काकू," टायरवाली म्हणाली.

बाईंनी पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटात जपलेली एक चिठ्ठी काढली आणि तिच्या नाकासमोर धरली. गाडी घेतली तेव्हा, नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, बाईंनी ती स्वतःच्या काट्यावर चढवली होती. गाद्या, भांडी, भरलेली पाण्याची टाकी, गॅस, पोरांची खेळणी, सगळं सगळं आत होतं. आकडा आला होता तीन हजार तीनशे चाळीस. त्याला चाराने भागून बाईंनी नऊशे किलोचे टायर निवडले होते, आणि हवा किती भरायची तो आकडाही हिशेब करून चिठ्ठीच्या मागे लिहिला होता.

"एका चाकावर आठशे पस्तीस," बाई म्हणाल्या. "टायर नऊशेचा. शिल्लक पासष्ट. मला गणित शिकवू नकोस. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी वजनं करते. टायर चांगले होते, यांनी हवा बघितली नाही म्हणून फुटला. मला तसलेच टायर दे, नवे."

मास्तर दाराशी उभे होते. ही गोष्ट परक्या माणसासमोर निघाली तसे ते बाहेर जाऊन नळाखाली हात धुऊ लागले.

टायरवालीही काही कमी नव्हती. "तसले टायर मी लावणार नाही," ती म्हणाली. "दुसरीकडे जा. उद्या फुटला तर माझ्या डोक्यावर नको."

"अगं पण चिठ्ठी बघ ना! काटा खोटं बोलतो का?"

"काटा कशाला खोटं बोलेल? चाराने भागलंत तिथे चुकलं. गाडी काही चारही पायांवर सारखी उभी नसते. थांबा, माझ्याकडे पाट आहेत, प्रत्येक चाकाखाली एक ठेवते. लगेच कळेल."

पाट म्हणजे चार चपटे काटे, हातभर लांबीचे, एका छोट्या यंत्राला तारेने जोडलेले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारे पाट वितळायचेच बाकी होते. त्यांच्या काट्यावर वीस चाकांचा ट्रक चढायचा आणि ही मुलगी स्वयंपाकघरातली खेळणी आणतेय! पण नाही म्हणणार कशा, वजनाला घाबरल्या असं झालं असतं. "कर," त्या म्हणाल्या. "पण आकडा मी वाचणार."

दुकानातल्या दोघा फिटरांनी गाडी जॅकवर घेऊन पाट सरकवले. यंत्रावर चार आकडे उमटले. पुढची दोन चाकं आठशे आणि सातशे पंच्याऐंशी. मागचं उजवं आठशे साठ. मागचं डावं आठशे पंच्याण्णव.

"बेरीज कर!" बाई कडाडल्या. "तीन हजार तीनशे चाळीस! किलोचासुद्धा फरक नाही. आणि मागचं डावं नऊशेच्या आत आहे. आहे ना? बोल आता!"

"पाचच किलोने आत आहे," टायरवाली म्हणाली. "ओटा, टाकी, शेगडी, सगळं डाव्या बाजूला आहे तुमचं. बरं, आता सगळे आत बसा."

"आत? आत कशाला?"

"वजन करायचंय ना?"

"काट्यावर माणूस बसत नाही," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात काही हजार वेळा म्हटलं असेल. गोदामात तो कायदाच होता. ड्रायव्हर खाली, क्लीनर खाली, मग चिठ्ठी. लोक वजनात खोट करायला ट्रकच्या केबिनमध्ये माणसं लपवायचे, आणि बाई स्वतः पायरीवर चढून आत डोकावून त्यांना खाली ओढायच्या. एकदा तर गोदामाच्या मालकालाच उतरवलं होतं. घरगाडीचं वजन केलं त्या दिवशीही लेकीला बाळासकट खाली उतरवून उन्हात उभं केलं होतं, आणि जावई कुरकुरला तेव्हा त्यालाही सुनावलं होतं.

टायरवालीला हे काही माहीत नव्हतं. ती सरळ म्हणाली, "माणूस नाही बसला तर गाडी चालवतं कोण, काकू?"

बाईंनी पाटांकडे पाहिलं, मग ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे. मग त्या एकदम खेकसल्या, "ठीक आहे, बसवा! बसवा सगळ्यांना!"

त्या दिवशी कोण कुठे बसलं होतं ते बाईंनीच सांगितलं. मागे डाव्या बाकावर जावई, म्हणून तिथे जाडा फिटर. लेकीच्या जागी दुसरा. नातीच्या आणि बाळाच्या जागी एकेक छोटा टायर. स्वतः बाई काही आत जाईनात. आकडा दुसऱ्याने वाचलेला त्यांना चालणार नव्हता. तेव्हा त्यांच्या जागीही टायर ठेवायचं ठरलं.

"तुमचं वजन किती?" जाड्या फिटरने विचारलं.

"अठ्ठावन्न."

त्याने बाईंकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने जरा मोठा टायर उचलला.

"काय बघतोस?" बाई म्हणाल्या. "अठ्ठावन्न सांगितलं ना!" पण टायर बदलायला लावला नाही.

"आणि चालवायला कोण होतं?" टायरवालीने विचारलं. मग मास्तर आले, हात पुसत. दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसले, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. हात मात्र स्टीअरिंगला लावले नाहीत, मांडीवरच ठेवले. पुढच्या काचेतून भिंतीकडे बघत राहिले.

बाई यंत्रावर वाकल्या. मागच्या डाव्या चाकाचा आकडा वर गेला, थोडा हलला आणि थांबला.

एक हजार सत्तर.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. एक हजार सत्तरच. नऊशे पेलणाऱ्या टायरवर एक हजार सत्तर. दोन वर्षं. प्रत्येक सहलीला, प्रत्येक उतारावर, नातीच्या सीटखाली. चमचे मोजले होते त्यांनी, उशा मोजल्या होत्या, पोरांच्या चेंडूचंसुद्धा वजन धरलं होतं. फक्त माणसं धरायची राहिली होती.

"आणि हवा?" टायरवालीने हळूच विचारलं. "किती भरत होता?"

बाईंनी चिठ्ठी उलटी करून दाखवली.

"मग हवा बरोबरच भरली असणार त्यांनी. या आकड्याप्रमाणे," ती म्हणाली. "आकडाच कमी आहे. एवढ्या वजनाला एवढी हवा म्हणजे टायर तापणार, फुटणारच. एवढ्या वजनाखाली मागचा टायर फुटल्यावर गाडी उलटली नाही? कमाल आहे तुमच्या काकांची."

बाईंनी गाडीकडे पाहिलं. गाडीची दारं बंद होती. आत मास्तर तसेच बसलेले. त्यांना काहीही ऐकू गेलेलं नव्हतं. भारी टायर घ्यायचे, लावायचे, घरी जायचं. कोणाला काय कळणार होतं? टायरवालीला त्यांच्या घरच्या भानगडीशी देणंघेणं नव्हतं. जावई रविवारी गाडी चालवेल, मास्तर मागे बसतील, पोरं हसतील. दोनचार महिन्यांत सगळं निवळेल. बाईंच्या मनात हे सगळं येऊन गेलं, खोटं कशाला बोला. चांगलं मिनिटभर त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांना स्वतःचाच असा काही संताप आला की त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार ओढून उघडलं.

"खाली या," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे."

मास्तरांनी वळून पाहिलं.

"माझी आहे म्हणतेय ना! टायर मी हलके निवडले. हवेचा आकडा मी चुकीचा लिहिला. तुम्ही काही केलेलं नाही. बघा, तिथे आकडा आहे, बघून घ्या." त्या ओरडूनच बोलत होत्या, मऊ आवाजात हे त्यांना बोलताच आलं नसतं.

मास्तर उतरले. यंत्रापाशी गेले. आकडा वाचला, चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली, पुन्हा आकडा वाचला. बाईंनी पर्समधून चावी काढून त्यांच्यासमोर धरली. "घ्या. घरी तुम्हीच चालवा. पोरीला मी आत्ता फोन करते, तुमच्यासमोर."

मास्तरांनी चावी घेतली नाही.

"मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "मागच्या वर्षी. गाडी मागून बसल्यासारखी वाटते, म्हणालो होतो. तू काय म्हणालीस?"

बाईंना आठवत होतं. माझ्या काट्याला अक्कल शिकवू नका, असं म्हणाल्या होत्या.

"मी सकाळी हवा बघितली होती," मास्तर म्हणाले. आवाज चढायला लागला होता. "चारही चाकांची! तू म्हणालीस, बघितली असती तर फुटला नसता. मला वाटलं, मग मी गेज चुकीचं वाचलं असणार. डोळे गेले असणार. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणाला, डोळे उत्तम आहेत. मग दुसऱ्याकडे गेलो, हात कापतात का बघायला. तो म्हणाला, काही कापत नाहीत. मग मी म्हटलं, म्हणजे डोकं गेलं. हवा बघितली असं आपल्याला नुसतं वाटतंय. अगं, पोर जवळ येईना माझ्या! चहा केला की गॅस बंद केलाय का ते चार-चार वेळा बघत होतो मी, कळतंय का तुला?"

फिटर काम थांबवून उभे राहिले. टायरवाली आत ऑफिसात गेली. चाळीस वर्षांत मास्तर इतक्या जोरात बोललेले बाईंनी ऐकले नव्हते.

"मला माफ करा," बाई म्हणाल्या. हेही जोरातच. "चावी घ्या."

"काय करू चावी घेऊन?" मास्तर ओरडले. "लायसन्स परत केलं मी! सोमवारी. स्वतः जाऊन. मला गाडी चालवणं जमत नाही असं लिहून दिलं, सही केली."

बाईंचा हात चावीसकट तसाच राहिला.

"परत काढू," त्या म्हणाल्या. "मी येते बरोबर. मी लिहून देते, चूक माझी होती म्हणून."

"तू लिहून देऊन काय होणार? नव्याने परीक्षा द्यावी लागेल. आणि शेजारी बसून माझी परीक्षा कोण घेणार, माहितीय? मी शिकवलेली, आता आरटीओत बसलेली पोरं." एवढं बोलून ते बाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बाईंनी त्यांच्या मागोमाग जाऊन तिथेच उभ्याउभ्या लेकीला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि सगळं सांगितलं. माणसं धरली नव्हती ते सांगितलं, हवेचा आकडा सांगितला, लायसन्सचंही सांगितलं. लेक म्हणाली, "बाबांना दे." मास्तरांनी मान हलवून नाही म्हटलं.

चारही भारी टायर बसायला दीड तास लागला. निम्मी भांडीही घरी ठेवा, असं टायरवालीने बजावलं, आणि बाईंनी हो म्हटलं. जाताना तिने आपल्या हाताने हवा भरली आणि नवा आकडा मास्तरांना दाखवून घेतला. मग बाई ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या, कारण दुसरं चढणार कोण? मास्तर शेजारी बसले. बाईंनी गाडी सुरू केली आणि क्लच सोडला, तशी गाडी हिसका देऊन बंद पडली.

"क्लच असा सोडतात?" मास्तर ओरडले. "जाळलास येताना तो जाळलास, आता काय काढून हातात देणार आहेस? सुरू कर. हं, हळू. अगं हळू! आणि निघायच्या आधी आरशात बघायचं असतं, हे मी सांगायचं का तुला? आरशात बघ!"

बाईंनी आरशात बघितलं. डोळे भरून आल्यामुळे त्यांना मागचं काहीच नीट दिसत नव्हतं, पण ते सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. ब्रेकवर पाय ठेवून त्या नुसत्याच थांबून राहिल्या.